विश्लेषण : बिघाड शोधता शोधता नेटवर्कच का बंद पडते? ‘डिबग’ची साधने भंडाऱ्यातील गावांसाठी महत्त्वाची का?

*सुधारित भारतनेट कार्यक्रमात तालुका आणि ग्रामपंचायत या दोन्ही पातळ्यांवर राउटर बसणार आहेत. त्यामुळे आजवर महानगरांतील डेटा सेंटरपुरते असलेले नेटवर्क दुरुस्तीचे काम साकोली, पवनी, लाखांदूरपर्यंत पोहोचणार आहे. दुरुस्तीचे साधन चुकीच्या पद्धतीने वापरले, तर तेच मोठ्या बिघाडाचे कारण ठरते. ते कसे?*

४ ऑक्टोबर २०२१. सोमवारची रात्र. नऊ वाजून गेल्यावर भारतातील कोट्यवधी मोबाइलवर व्हॉट्सॲपचा संदेश पुढे सरकेना. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही बंद. अनेकांनी डेटा बंद करून पुन्हा सुरू केला, काहींनी रीचार्ज संपला का ते तपासले. सायबर हल्ल्याच्या अफवा पसरल्या. सेवा पूर्ववत होईपर्यंत भारतात पहाट होत आली होती.

हल्ला झालाच नव्हता. कंपनीचे पायाभूत सुविधा विभागाचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, नेहमीच्या देखभालीच्या कामात जगभरातील मुख्य जाळ्याची क्षमता किती शिल्लक आहे हे तपासण्यासाठी एक आज्ञा देण्यात आली होती. त्या आज्ञेने सगळ्या डेटा सेंटरमधील जोडण्याच तोडल्या. अशा चुकीच्या आज्ञा अडवण्यासाठी तपासणीची स्वतंत्र प्रणाली होती, पण तिच्यातही दोष होता आणि तिने आज्ञा जाऊ दिली. पुढचा भाग अधिक बोलका आहे. अभियंत्यांनी दुरून यंत्रांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला, तर ती वाटही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अखेर माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

म्हणजे तपासण्यासाठी उचललेल्या हातानेच घर पाडले. नेटवर्कच्या क्षेत्रात ही गोष्ट नवी नाही. तिच्यामागची कारणे समजली, तर भंडारा जिल्ह्यात येऊ घातलेल्या नव्या जाळ्याबाबत कोणते प्रश्न विचारायला हवेत, तेही समजते.

भंडारा जिल्ह्यात नेमके काय बदलणार आहे?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यातील रचना सरळ रेषेची होती. तालुक्याच्या ठिकाणी दूरसंचार केंद्रात एक मुख्य यंत्र, तिथून निघालेली केबल, वाटेत प्रकाशाचे भाग पाडणारा साधा ‘स्प्लिटर’ आणि ग्रामपंचायतीत भिंतीवरची छोटी पेटी. मध्ये विजेवर चालणारे काहीच नसल्याने रचना स्वस्त पडली. मात्र रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, की त्यापुढची सगळी गावे बंद.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात देशातील २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती कड्याच्या, म्हणजे ‘रिंग’च्या रचनेने जोडायच्या आहेत. कडे एका बाजूने तुटले तरी माहिती दुसऱ्या बाजूने पोहोचते. तालुका आणि ग्रामपंचायतीत राउटर, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था, दुरून फायबर तपासण्याची प्रणाली आणि दहा वर्षांची देखभाल, असे त्याचे स्वरूप आहे.

भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत. तलाव, नाले आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात केबल तुटण्याची कारणे कमी नाहीत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात भंडारा शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले होते. अशा जिल्ह्याला रिंगची रचना मानवणारी आहे, यात वाद नाही.

पण भिंतीवरची पेटी आणि राउटर यांत फरक आहे. राउटर स्वतः निर्णय घेतो. कोणता मार्ग चांगला, शेजारचा राउटर जिवंत आहे की नाही, हे ठरवतो. निर्णय घेणारे यंत्र बिघडले, की ते नेमका काय विचार करत आहे हे पाहावे लागते. ते पाहण्याचे साधन म्हणजे ‘डिबग’.

डिबग म्हणजे काय?

राउटरची तपासणी साधारणपणे दोन प्रकारे होते. पहिला प्रकार ‘शो’ आज्ञांचा. या आज्ञा यंत्राची त्या क्षणाची स्थिती दाखवतात आणि थांबतात. रुग्णाचा ताप मोजून थर्मामीटर बाजूला ठेवावा, तसे. दुसरा प्रकार ‘डिबग’चा. त्यात यंत्राला सांगितले जाते की, तुझ्या आत घडणारी प्रत्येक घटना, घडेल तशी बोलून दाखव. पॅकेट आले, बोल. शेजाऱ्याचा निरोप आला, बोल. मार्ग बदलला, बोल. थांबवेपर्यंत हे चालूच राहते.

बिघाड अधूनमधून येत असेल, तर ‘शो’ने काही हाती लागत नाही. दुपारी दोनला दोन मिनिटे जाळे बंद पडते आणि तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत सगळे सुरळीत झालेले असते. अशा वेळी डिबगला पर्याय नसतो. म्हणून ‘डिबग वापरूच नका’ हा काही ठिकाणी दिला जाणारा सल्ला निरुपयोगी आहे. त्याने बिघाड सापडत नाही, फक्त तंत्रज्ञ घाबरट होतात.

मग राउटर गुदमरतो कशाने?

सिस्को कंपनीच्या कागदपत्रांत अनेक वर्षांपासून एक इशारा छापलेला असतो. डिबगच्या मजकुराला राउटरच्या प्रोसेसरमध्ये वरचा प्राधान्यक्रम मिळतो, त्यामुळे यंत्र वापरण्याजोगेच न राहण्याची शक्यता असते. हा इशारा वाचून पुढे जाणारे बरेच असतात. त्याचा अर्थ आकड्यांत पाहिला, की गांभीर्य कळते.

राउटरला थेट केबल लावून बोलण्याच्या वाटेला कन्सोल म्हणतात. अनेक राउटरवर तिचा ठरलेला वेग सेकंदाला ९,६०० बिट असतो. एका अक्षराला साधारण १० बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरे. ८० अक्षरांची एक ओळ धरली, तर सेकंदाला १२ ओळी. आता १०० एमबीपीएसची जोडणी मोठ्या पॅकेटनी भरून वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे ८ हजार पॅकेट जातात. प्रत्येक पॅकेटमागे एकच ओळ छापायची म्हटले, तरी एका सेकंदाच्या वाहतुकीचे वर्णन छापायला अकरा मिनिटे लागतील. तोवर पुढच्या अकरा मिनिटांची वाहतूक येऊन थडकलेली असते.

बैलगाडीच्या रस्त्यावर महामार्गाची वाहतूक वळवावी, तसा हा प्रकार. जुन्या यंत्रांत तर कन्सोलवर जाणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी प्रोसेसरला हातातले काम थांबवावे लागते. पडद्यावर ओळी धावू लागतात, तंत्रज्ञ थांबवण्याची आज्ञा टाइप करतो, पण त्याची अक्षरे राउटरपर्यंत वेळेत पोहोचत नाहीत. मग एकच उपाय उरतो, वीज बंद करून पुन्हा सुरू करणे. तो केला, की ज्या बिघाडाचा शोध चालू होता त्याचे पुरावेही स्मृतीतून पुसले जातात.

याला आणखी एक पदर आहे. आजच्या राउटरमध्ये बहुतेक पॅकेट वेगळ्या चिपमधून किंवा जलद मार्गाने जातात, मुख्य प्रोसेसर त्यांना पाहतही नाही. त्यामुळे पॅकेटचा डिबग लावला, तर पडद्यावर काही दिसत नाही. काही तंत्रज्ञ मग हा जलद मार्गच बंद करतात, म्हणजे सगळी पॅकेट प्रोसेसरकडे येतील आणि दिसू लागतील. ती दिसतात. आणि काही क्षणांत यंत्र बसते.

एक राउटर गप्प झाल्याने पूर्ण रिंगला काय फरक पडतो?

येथे रिंगच्या फायद्याचाच तोटा होऊ शकतो. राउटर एकमेकांना ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवतात. ओएसपीएफ या प्रचलित पद्धतीत इथरनेट जोडणीवर तो साधारण दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद निरोप आला नाही, तर शेजारी त्या राउटरला मृत समजतात. मार्ग पुन्हा आखले जातात आणि वाहतूक उलट्या दिशेने वळते.

समजा, पवनी तालुक्यातील एखाद्या रिंगमध्ये एका गावच्या राउटरवर कुणी बेसुमार डिबग लावला. राउटर जिवंत आहे, पण बोलण्यात इतका गुंतला आहे की शेजाऱ्याला निरोप पाठवायला त्याला उसंत नाही. ४० सेकंदांनी शेजाऱ्यांनी त्याला वगळले. त्यामुळे त्याच्याकडची वाहतूक कमी झाली, भार उतरला, त्याने पुन्हा निरोप पाठवला. शेजाऱ्यांनी त्याला परत घेतले. वाहतूक परतली, तो पुन्हा गुदमरला. प्रत्येक फेरीला रिंगमधील सगळ्या राउटरना मार्गांचा हिशेब नव्याने करावा लागतो. एका गावापुरता असलेला त्रास आता दहा गावांचा झाला. आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाला केवळ एवढेच दिसते की, रिंग दर मिनिटाला तुटते आणि जुळते. तो केबल तुटल्याच्या संशयाने माणसे रस्त्यावर पाठवतो.

गावाच्या बाजूने पाहिले, तर हा तपशील कोरडा राहत नाही. धान हे या जिल्ह्याचे मुख्य पीक. हमीभावाने धान विकायचा, तर शेतकऱ्याची ऑनलाइन नोंदणी व्हावी लागते आणि तिला मुदत असते. रास्त भाव दुकानात अंगठा जुळल्याशिवाय धान्य मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीएम किसानची पडताळणी, सगळे जाळ्यावर. काही ठिकाणी ही सेवा फायबरवर, काही ठिकाणी सिमकार्डावर चालते हे खरे. पण मोबाइल टॉवरलाही मागे कुठे तरी जोडणी लागतेच. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकून माघारी जाणाऱ्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडालेली असते, आणि त्यामागे खरोखर सर्व्हर होता की दुरुस्ती करणाऱ्याची घाई, हे त्याला कधीच कळत नाही.

फायबरची तपासणी तरी निर्धोक असते का?

प्रकाश तारेतून कुठवर जातो हे मोजणाऱ्या यंत्राला ओटीडीआर म्हणतात. ते तारेत प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून केबल किती अंतरावर तुटली ते सांगते. लाखनी ते साकोली रस्त्यालगत नेमके कुठे खोदायचे, हे त्यावरून ठरते. याला तोड नाही.

मात्र तार चालू असताना हे यंत्र लावायचे, तर तरंगलांबीचा नियम पाळावा लागतो. भारतनेटच्या सरळ रेषेच्या रचनेत वापरली जाणारी जीपॉन पद्धत गावाकडे १४९० नॅनोमीटरवर आणि गावाकडून १३१० नॅनोमीटरवर प्रकाश पाठवते. त्याच तरंगलांबीचा ठोका चालू तारेत सोडला, तर स्प्लिटरमागच्या सगळ्या गावांच्या संदेशांत तो मिसळतो. एक गाव तपासताना बाकीची बंद पडतात. म्हणून चालू तारेसाठी १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा ठोका आणि सोबत गाळणी वापरतात. ज्याच्याकडे केवळ जुने, १३१० आणि १५५० चे यंत्र आहे, त्याने आधी तार दोन्ही बाजूंनी सोडवून घ्यायला हवी. उलट चालू तारेतील प्रकाशाने यंत्राचेही नुकसान होऊ शकते.

जाता जाता, या प्रकाशाचा एक धोका अगदीच वेगळा. तो डोळ्याला दिसत नाही. तारेच्या टोकाकडे निरखून ‘लाइट येते का’ पाहण्याची सवय अनेकांना असते. ती सोडलेली बरी. त्यासाठी पॉवर मीटर असतो.

कारखान्यांत हा प्रश्न आणखी गंभीर का?

वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी, अशी औद्योगिक बाजूही या जिल्ह्याला आहे. अशा ठिकाणी जाळ्याच्या टोकाला संगणक नसून यंत्रे असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके संस्थेच्या औद्योगिक नियंत्रण प्रणालींविषयीच्या मार्गदर्शिकेत यासंबंधी काही घटना नोंदवल्या आहेत. जाळ्यावर कोण कोण आहे हे पाहण्यासाठी एकदा साधा ‘पिंग’ सगळीकडे पाठवला गेला. स्थिर उभा असलेला नऊ फुटी यंत्रमानवी हात अचानक हलला आणि अर्धे वर्तुळ फिरला. खोलीतील माणसे त्याच्या कक्षेबाहेर होती, हे नशीब. दुसऱ्या ठिकाणी अशाच चाचणीने चिप बनवणाऱ्या कारखान्यातील नियंत्रक अडकला आणि ५० हजार डॉलरच्या चकत्या वाया गेल्या. घरच्या संगणकावर निरुपद्रवी असलेली आज्ञा जुन्या नियंत्रकाला पेलत नाही, एवढाच याचा अर्थ.

डिबग सुरक्षितपणे वापरायचा तर कसा?

पहिली गोष्ट वेळेची. वर्दळ कमी असताना डिबग लावावा, असे पुस्तके सांगतात. पण कमी वर्दळ म्हणजे मध्यरात्र, हे समीकरण शहरातले. ग्रामपंचायतीचे कार्यालय सायंकाळी बंद होते आणि राउटरला वीज मिळते की नाही हेही तेव्हा पाहायला कुणी नसते. उलट धान नोंदणीचे शेवटचे दिवस, रेशन वाटपाचा पहिला आठवडा, पुराचा इशारा असलेली रात्र, या वेळा टाळायला हव्यात, हे स्थानिक माणसालाच ठाऊक. देखभालीचे वेळापत्रक नागपूर किंवा मुंबईत ठरत असेल, तर त्यात तालुक्याचे म्हणणे असणे गरजेचे आहे.

दुसरी गोष्ट, डिबगच्या आधी ‘शो’. प्रोसेसर आधीच किती व्यग्र आहे ते पाहणे. तो आधीच ऐंशी टक्क्यांवर असेल, तर त्याला बोलायला लावणे म्हणजे धापा टाकणाऱ्याला भाषण करायला सांगणे. पुष्कळ बिघाड या टप्प्यावरच सापडतात. एखाद्या पोर्टवरच्या चुकांचा वाढता आकडा पुरेसा बोलका असतो.

त्यानंतरही डिबग लागलाच, तर मजकूर कन्सोलवर छापणे बंद करून तो राउटरच्या स्मृतीत साठवायचा आणि नंतर सावकाश वाचायचा. कन्सोलचा वर मांडलेला सगळा हिशेब या एका पावलाने टळतो. त्याखालोखाल महत्त्वाचे म्हणजे प्रश्न अरुंद करणे. ‘सगळी पॅकेट दाखव’ असे न म्हणता, ‘या एका पत्त्यावरून त्या एका पत्त्यावर जाणारी दाखव’ असे सांगायचे. त्यासाठी आधी गाळणी, म्हणजे ॲक्सेस लिस्ट लिहावी लागते. पाच मिनिटांचे काम, पण घाईत तेच वगळले जाते. आणि ‘डिबग ऑल’ ही आज्ञा चालू जाळ्यावर कुणी दिली, तर त्याला त्या दिवशी घरी पाठवावे, इतकी ती वाईट.

थांबवण्याची आज्ञा सुरू करण्याच्या आज्ञेआधी तयार ठेवणे, ही अनुभवी तंत्रज्ञांची जुनी सवय. दुसऱ्या खिडकीत ‘अनडिबग ऑल’ लिहून ठेवायचे, फक्त एंटर दाबायचे बाकी. शक्य असेल तर दुसरा माणूस तिथे बसवायचा. राउटरचा वेळ अचूक लावलेला हवा, नाहीतर दोन राउटरच्या नोंदी जुळवता येत नाहीत आणि सगळा खटाटोप वाया जातो.

काम संपल्यावर डिबग बंद झाला का, ते ‘शो डिबगिंग’ने पाहावे लागते. येथे एक फसगत आहे. चालू असलेला डिबग राउटरच्या जतन केलेल्या मांडणीत दिसत नाही. तंत्रज्ञ निघून जातो, डिबग चालू राहतो, वाहतूक कमी असल्याने त्रास जाणवत नाही. दोन महिन्यांनी वर्दळ वाढली, की राउटर बसतो आणि नव्या माणसाला मांडणीत काहीच चूक सापडत नाही. मग तो यंत्रच बदलतो.

तपासणीबरोबर मांडणीतही बदल करायचा असेल, तर माघारीची वाट हवी. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ या आज्ञेने केलेला बदल पुन्हा पक्का केला नाही, तर ठरावीक वेळ बदलली नसल्यास दहा मिनिटांनी तो आपोआप मागे घेतला जातो. सिस्कोवर काही मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होण्याची वेळ लावता येते. बदलाने संपर्क तुटला, तर यंत्र स्वतःच जुन्या मांडणीवर परततो. साकोलीच्या राउटरवर भंडाऱ्यातून काम करताना संपर्क तुटला, तर गाडी काढून तासभर जाणे वाचते. लाखांदूरच्या टोकाच्या गावात पावसाळ्यात हा तास किती लांबू शकतो, ते जाणाऱ्यालाच विचारावे.

आणि फेसबुकच्या त्या रात्रीचा धडा, म्हणजे दुरुस्तीची वाट दुरुस्त करायच्या जाळ्यावरून नसावी. तालुक्याच्या मुख्य राउटरला वेगळ्या कंपनीच्या सिमकार्डाचा छोटा मोडेम जोडला, तरी ही गरज भागते. खर्च किरकोळ आहे. निविदेत तो मागितला जातो का, हा खरा प्रश्न.

पकडलेल्या माहितीचे पुढे काय होते?

जाळे सुरू झाले म्हणजे विषय संपला, असे होत नाही. बिघाड शोधताना तयार झालेल्या फायली मागे राहतात. टीसीपीडम्प किंवा वायरशार्कने पकडलेल्या पॅकेटमध्ये कोणत्या गावातून कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली गेली, हे असतेच. मजकूर सांकेतिक नसेल, तर पासवर्ड आणि आधार क्रमांकही असू शकतात.

मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. कारण, एका चुकीमुळे पासवर्ड अंतर्गत नोंदींमध्ये उघड्या स्वरूपात साठत होते. त्याहून बोधक घटना ओक्टा या अमेरिकी कंपनीची. ही कंपनी इतर कंपन्यांना सुरक्षित लॉगिनची सेवा पुरवते. ग्राहकाला अडचण आली, की मदत विभाग त्याच्याकडून ब्राउझरची ‘हार’ फाइल मागवत असे. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील सगळा संवाद त्या फायलीत असतो, लॉगिन झाल्याची खूणही. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चोरट्यांनी याच मदत विभागाच्या प्रणालीत शिरून १३४ ग्राहकांशी संबंधित फायली पाहिल्या आणि त्यांतील खुणा वापरून पाच ग्राहकांच्या चालू लॉगिनचा ताबा मिळवला. पासवर्ड फोडावा लागलाच नाही. दुरुस्तीसाठी दिलेला कागदच किल्ली ठरला.

भारतात मालकाच्या परवानगीविना जाळ्यात शिरणे किंवा त्यातील माहिती काढून घेणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे, यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे सरकारी वेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. पण नोंदी जपणे आणि पकडलेली पॅकेट कंत्राटी तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून राहणे, या वेगळ्या गोष्टी. पहिली कायद्याने हवी आहे, दुसरी कुणालाच नको. तरीही ‘सर, ही फाइल बघा ना’ म्हणत दुसरीच गोष्ट सर्रास घडू शकते, कारण ती सोयीची असते. पकडताना फक्त पॅकेटचा वरचा भाग घेणे, फाइल सांकेतिक करून ठेवणे आणि काम झाल्यावर पुसल्याची नोंद करणे, एवढे देखभालीच्या करारात लिहिता येते.

सामान्य मोबाइलधारकाशी याचा संबंध काय?

प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्येही डिबग आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले, की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डिबगिंग आणि नव्या फोनमध्ये वायरलेस डिबगिंग असते. ते चालू असले, की परवानगी दिलेला संगणक फोनमध्ये ॲप टाकू शकतो, नोंदी वाचू शकतो. दुरुस्तीच्या दुकानात, किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून, ते चालू केले जाते आणि तसेच राहते. काही बँकांची ॲप अशा फोनवर चालायला नकार देतात, ती त्याचमुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये डिबगसाठीचे ५५५५ हे दार उघडे राहिलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणि फोनमधून एक किडा पसरला होता. तो या यंत्रांना मालकाच्या नकळत आभासी चलन खणायला लावत होता.

अधिक जवळचा धोका आपले सरकार सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत बसलेल्या संगणक परिचालकाला आहे. पोर्टल चालत नाही, बाहेर दहा माणसे उभी आहेत, आणि फोन येतो, ‘मी हेल्पडेस्कवरून बोलतोय, ॲनीडेस्क टाका, नऊ आकडी क्रमांक सांगा.’ ॲनीडेस्क हे दुरून दुरुस्तीचे वैध साधन आहे. त्याचा वापर करून यूपीआय खात्यांतून पैसे काढले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला होता. फोन करणारा खरा असला, तरी त्या क्षणी पडद्यावर लोकांचे आधार आणि बँक खाते क्रमांक उघडे असतात. जोडणी देण्याआधी ती पाने बंद करणे, तक्रारीचा क्रमांक विचारणे, आणि कॉल कापून अधिकृत क्रमांकावर आपणहून फोन लावणे, यासाठी दोन मिनिटे लागतात. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनी ती दोन मिनिटे त्याला द्यायला हवीत. तपासणी संपल्यावर ॲप काढून टाकले, की केंद्रातील अर्जांचे काम पुढे सुरू करता येते.